बुरशीवरचे भुंगेरे आणि कोरा रकाना

नाशिकच्या माणसाला बुरशी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. द्राक्षावर भुरी येते, डावणी येते, आणि पावसाळ्यात चाळीतल्या कांद्यावर काळी पूड धरते. आमच्याकडे लग्न असो, बारसं असो नाहीतर दहावा, दोन बागाईतदार शेजारी बसले की पाचव्या मिनिटाला "यंदा भुरीला काय मारलं?" हा प्रश्न येणारच. बुरशी म्हणजे फवारणी, फवारणी म्हणजे खर्च. विषय संपला.

या बुरशीवर पोट भरणारंही कोणीतरी असतं, तिकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. पाऊस ओसरायला लागला आणि भोपळ्याच्या किंवा भेंडीच्या पानांवर पांढरी भुरी दिसली, की पान जरा उलटून बघा. मसुराच्या डाळीएवढा पिवळाधमक भुंगेरा दिसण्याची बरीच शक्यता आहे. त्याचं नाव इलीस सिंक्टा. हा लेडीबर्डच्या खानदानातला. त्याची बाकीची भावंडं मावा खातात, हा आणि याच्या अळ्या भुरी खातात. भारतात जवळजवळ सगळीकडे आढळतो.

दुसरा नमुना तर घरातलाच. टायफिया स्टर्कोरिया नावाचा तीन मिलिमीटरचा तपकिरी, केसाळ भुंगेरा साठवणीच्या धान्यात येतो. तांदळातले पोरकिडे वेगळे, ते दाणा पोखरतात. याला रस असतो तो ओलसर दाण्यावर धरलेल्या बुरशीत. म्हणजे हा दिसला तर समजावं की धान्याला ओल लागलीय. धान्याच्या पोत्यांबरोबर तो जहाजांतून, रेल्वेतून जगभर गेला. पासपोर्ट नाही, व्हिसा नाही, एच-वन-बी ची लॉटरी नाही :-)

ही झाली एका टोकाची मंडळी, जगभर फिरणारी. मला ज्यांच्याबद्दल लिहायचंय ती दुसऱ्या टोकाची आहेत, एक डोंगर सोडून न गेलेली.

आधी एक खुलासा. 'बुरशीवरचे भुंगेरे' ही एक जात नाही, एक कुळही नाही. तो एक धंदा आहे. जसं 'आयटीवाले' म्हटलं की त्यात सगळे आले, टेस्टरपासून डीबीएपर्यंत, तसं. भुंगेऱ्यांच्या अनेक कुळांनी हा धंदा स्वतंत्रपणे धरलाय. एक कुळ एरोटिलिडी, त्यांना इंग्रजीत 'प्लीझिंग फंगस बीटल' म्हणतात. दुसरं एंडोमायकिडी, ते 'हँडसम फंगस बीटल'. (ही नावं ठेवणारा माणूस रोज कुजक्या लाकडासमोर बसून एवढा खुशीत कसा राहिला, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे.) तिसरं लिओडिडी. चौथं, आणि माझं लाडकं, सिआयडी. हो, उच्चार तसाच. पण इथे दया दरवाजा तोडत नाही. एक-दोन मिलिमीटरचे हे भुंगेरे झाडाच्या खोडावर फळीसारखी उगवणारी जी कडक बुरशी असते, तिला टाचणीएवढी भोकं पाडून आत शिरतात आणि बहुतेक सगळं आयुष्य तिथेच काढतात. अंडी, अळी, कोष, प्रौढ, सगळं आत.

याहूनही लहान हवे असतील तर तेही आहेत. कोलंबियात बुरशीवर सापडलेला सायडोसेला मुसावासेन्सिस हा भुंगेरा ०.३२५ मिलिमीटर लांबीचा आहे. स्वतंत्र जगणाऱ्या, म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर न वाढणाऱ्या कीटकांत इतका लहान दुसरा माहीत नाही. २०१५ साली त्याचं नीट मोजमाप प्रसिद्ध झालं. एवढ्याशा देहात डोळे, पाय, मेंदू, पंख सगळं बसवलंय. आणि इकडे आमचं एक साधं लॉगिन पेज चाळीस एमबीचं होतं. असो.

मी या सगळ्यात शिरलो तो मामाच्या आंब्यामुळे. मामाचं गाव इगतपुरी तालुक्यात. शेताच्या वरच्या अंगाला वाघदेवाची राई आहे. राई म्हणजे फार मोठी नाही, एका दमात फेरी मारून होते. पण तिच्यातलं काही तोडायचं नाही, पडलेलं काही उचलायचं नाही, असा गावाचा रिवाज. राईच्या बाहेर पण अगदी कडेला मामाच्या हद्दीत एक जुना आंबा होता. तो चार पावसाळ्यांपूर्वी वादळात पडला. फांद्या वखारवाल्याने नेल्या. खोड आतून पोकळ निघालं, त्यामुळे त्याने ते घेतलं नाही. तेव्हापासून ते तिथेच आडवं आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये जेवण झाल्यावर मी सहज टॉर्च घेऊन तिकडे गेलो. खोडाच्या एका अंगाला बुरशीच्या फळ्या एकावर एक आलेल्या, काही पांढऱ्या, काही गंजाच्या रंगाच्या. आणि त्यांच्या खालच्या बाजूला, पावसाचा थेंब लागणार नाही अशा जागी, काळेभोर तुकतुकीत भुंगेरे. पाठीवर नारिंगी नागमोडी पट्टे. मोजले तर अकरा. एकाला बोट लावलं तर पाय आखडून सरळ खाली पडला, मेल्याचं सोंग घेऊन. असा भडक रंग हा सहसा पक्ष्यांना इशारा असतो, की मी चवीला वाईट आहे, उगाच तोंड घालू नकोस.

फोटो आयनॅचरलिस्टवर टाकला. दोन दिवसांनी परदेशातल्या एका जाणकाराने उत्तर दिलं, कुळ एरोटिलिडी. पुढे काही नाही. प्रजाती नाही, जात नाही. ती नोंद आजही तिथेच अडकलेली आहे.

बुरशीचा एक वाळका तुकडा घरी आणला (मामाच्या खोडावरचा, राईतलं काही आणलं नाही, तेवढं भान असतं). कॉफीच्या रिकाम्या बरणीत ठेवला, वर मलमलीचं फडकं बांधलं. सिआयडीवाले लोक भुंगेरे मिळवायला हीच पद्धत वापरतात. थोडं ओलसर ठेवायचं आणि वाट बघायची. स्टँडअप कॉल चालू असताना बरणीच्या तळाशी पीठ साचताना दिसायचं. पाच आठवड्यांत एकोणचाळीस भुंगेरे निघाले, तिळाच्या अर्ध्याएवढे. भिंगाखाली बघितलं तर काहींच्या डोक्यावर दोन चिमुकली शिंगं. ते नर. या कुळातल्या बऱ्याच जातींत नरांना अशी शिंगं असतात.

आता मुद्द्यावर येतो. भुंगेरा डोंगराला बांधला जातो कसा?

याचं उत्तर त्याचं जेवण किती टिकतं यात आहे. पावसाळ्यात उकिरड्यावर किंवा कुरणात जी कुत्र्याची छत्री उगवते ती तीन-चार दिवसांची पाहुणी. तिच्यावर जगायचं तर उडता आलंच पाहिजे. आज इथे, परवा तिथे. आमच्या भाषेत कॉन्ट्रॅक्टवर. खोडावरची कडक बुरशी महिनोन्‌महिने टिकते, काही काही तर वर्षानुवर्षं. तिच्यावरच्या भुंगेऱ्याला बूड हलवायची घाई नसते, दोन-चार पिढ्या एकाच जागी निघतात. आणि पाचोळ्याखाली, मातीत जी बुरशी पसरलेली असते, ती जंगल असेपर्यंत असतेच. तिथे राहणाऱ्याला पंख म्हणजे नुसता खर्च. पंख बांधायला आणि उडायचे स्नायू पोसायला जे लागतं, ते अंड्यांत घातलेलं परवडतं. मग पिढ्यान्‌पिढ्या पंख लहान होत जातात, शेवटी जातात. फिलिप डार्लिंग्टन या अमेरिकन अभ्यासकाने १९४३ सालीच डोंगरावरच्या आणि बेटांवरच्या भुंगेऱ्यांबद्दल लिहिताना हे दाखवलं होतं, की जागा टिकाऊ असली की पंख गळतात. त्याचे भुंगेरे शिकारी जमातीचे होते, पण हिशोब तोच.

एकदा पंख गेले की डोंगराकडे बघायची नजरच बदलते. आपल्याला जी खिंड म्हणजे चहाच्या टपरीची जागा, ती त्या भुंगेऱ्याला समुद्र. खाली ऊन, कोरडी माती, बुरशी नाही. इकडचे इकडे, तिकडचे तिकडे. काही लाख वर्षं असंच गेलं की दोन वेगळ्या जाती. एखाद्याच भागात सापडणाऱ्या अशा जातीला आपल्याकडे 'प्रदेशनिष्ठ' म्हणतात. शब्द छान आहे, पण त्यात निष्ठेचा काही संबंध नाही. बिचाऱ्याला बाहेर पडायची वाटच नाही.

अमेरिकेत अॅपलाचियन डोंगररांगेत हे कोणीतरी बसून तपासलंय. लिओडिडी कुळातले मातीत राहणारे, बिनडोळ्यांचे, बिनपंखी, बुरशी खाणारे भुंगेरे तिथे आहेत. स्टुअर्ट पेक आणि जॉयस कुक यांनी उत्तर अमेरिकेतल्या या गटावर २०११ मध्ये मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात कितीतरी जाती विज्ञानाला पूर्ण नवीन होत्या. त्याच रांगेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स या राष्ट्रीय उद्यानात १९९८ पासून एक उद्योग चालू आहे, उद्यानातली प्रत्येक सजीव जात मोजायची. बॅक्टेरियापासून अस्वलापर्यंत. त्यातून आजवर हजारावर जाती अशा निघाल्या की ज्या तोपर्यंत जगात कुठेच नोंदलेल्या नव्हत्या. आणि ही जागा म्हणजे अॅमेझॉन नाही. अमेरिकेतलं भरपूर गर्दीचं उद्यान आहे, लोक गाडीतून फिरतात तिथे.

आता आपला सह्याद्री बघा. नाशिक जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला मुख्य धार. तिला पूर्वेकडे फुटलेले फाटे: त्र्यंबकची रांग, तिच्या उत्तरेला सातमाळा, आणखी वर सेलबारी-डोलबारी, जिथे १,५६७ मीटरचा साल्हेर आहे. सातमाळा आणि सेलबारी यांच्यामध्ये गिरणेचं खोरं. कांदा, मका, डाळिंब. दगड सगळीकडे तोच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पण पाऊस तोच नाही. इगतपुरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर, आणि तिथून पंचेचाळीस किलोमीटरवर नाशिक शहरात ७०० च्या आसपास. पाचोळ्यात राहणाऱ्या बिनपंखी भुंगेऱ्याच्या दृष्टीने हा जिल्हा म्हणजे सरळसरळ द्वीपसमूह आहे.

मग इथल्या प्रदेशनिष्ठ जाती किती? पश्चिम घाटाबद्दल वाचलंत तर सगळीकडे एकच चित्र मिळतं: दक्षिणेकडे जास्त, उत्तरेकडे येता येता कमी. त्याला खरंखुरं कारणही आहे. केरळच्या दक्षिण टोकाला कोरडे महिने दोन-तीन, आपल्याकडे सात-आठ. झाडं आणि बेडूक यांच्या बाबतीत हा उतार नीट मोजलेला आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारसा म्हणून घेतल्या, त्यात महाराष्ट्रातल्या चार: कास, कोयना, चांदोली, राधानगरी. चारही साताऱ्याच्या आणि कोल्हापूरच्या बाजूला. नाशिकच्या वाट्याला एकही नाही.

पण भुंगेऱ्यांचा आकडा येतो कुठून? या कुळांवरचा भारतातला पायाभूत ग्रंथ म्हणजे 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालिकेतला गिल्बर्ट अॅरो यांचा खंड. साल १९२५. एरोटिलिडी, लँगुरिडी आणि एंडोमायकिडी, चारशेवर पानं. अॅरो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये कामाला होते. तिथे भारतातून पेट्या यायच्या. पाठवायचं कोण? जंगल खात्यातले साहेब, चहा-कॉफीचे मळेवाले, लष्करी अधिकारी. उत्तर कानडा जिल्ह्यात जंगल खात्यात टी. आर. बेल होता, तो फुलपाखरं आणि पतंगांसाठी प्रसिद्ध, पण भुंगेरेही गोळा करायचा. म्हणजे कारवारच्या बाजूचे किडे लंडनला गेले, कारण बेल तिथे राहत होता. नीलगिरीचे गेले, कारण थंड हवेमुळे साहेब मंडळी तिथे राहत होती. शंभर वर्षांपूर्वीचा तो नकाशा भुंगेऱ्यांचा जितका आहे, तितकाच भुंगेरे गोळा करणाऱ्यांच्या बंगल्यांचाही आहे.

इथे माझ्यातला डेटाबेसवाला जागा होतो. ज्यांनी एसक्यूएल लिहिलंय त्यांना हे माहीतच आहे: 'शून्य' आणि 'नल' या दोन अगदी वेगळ्या गोष्टी. शून्य म्हणजे मोजलं आणि काही नाही निघालं. नल म्हणजे रकाना कोरा, कोणी मोजलंच नाही. डेटाबेस हा फरक जिवापाड सांभाळतो. नलची नलशी तुलना केली तरी तो 'बरोबर' म्हणत नाही. गडबड होते ती पुढे. कोणीतरी तो तक्ता एक्सेलमध्ये काढतो, बेरीज करतो, कोरा रकाना बेरजेत शून्यासारखाच वागतो, त्याचा रंगीत आलेख होतो, आलेख पॉवरपॉइंटमध्ये जातो. आणि मीटिंगमध्ये बसलेल्या साहेबांना दिसतं की अमुक ठिकाणी काही नाही.

जीवशास्त्रवाल्यांना हे कळत नाही असं मुळीच नाही. आययूसीएनच्या लाल यादीत 'डेटा डेफिशियंट' असा वेगळा वर्ग आहे, आणि 'नॉट इव्हॅल्युएटेड' असा त्याहून वेगळा. त्यांनी दोन-दोन प्रकारचे नल ठेवलेत, आपल्याहून शिस्तीचे लोक आहेत. पण रस्ता, खाण, रिसॉर्ट यांचा कागद जेव्हा तयार होतो, तेव्हा त्यात एक ओळ असते की या जागेत प्रदेशनिष्ठ जाती आढळत नाहीत. ती ओळ वाचून मला नेहमी विचारावंसं वाटतं, की तुम्ही गेला होतात कधी? एप्रिलमध्ये? एप्रिलमध्ये इथे बुरशी सुकून दगड झालेली असते आणि भुंगेरे आतल्या भेगांत. जुलैमध्ये रात्री टॉर्च घेऊन गेलात तर गोष्ट वेगळी.

रकाना भरला की काय होतं, याचं उदाहरण त्र्यंबक रस्त्यावरच आहे. अंजनेरी. आपल्यापैकी निम्मे नाशिककर तिथे दरवर्षी पावसाळी ट्रेकला जातात, हनुमानाचा जन्म तिथला म्हणून भाविक जातात. नाशिकपासून वीसेक किलोमीटर. म्हणजे माणूस न पोचलेली जागा म्हणावी तर तसं अजिबात नाही. तरीसुद्धा २००६ साली तिथून कंदीलपुष्पाची एक नवी जात जगापुढे आली, सेरोपेजिया अंजनेरिका. मालपुरे, कांबळे आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे श्रीरंग यादव यांनी तिचं वर्णन केलं. छोटंसं झुडूपवजा रोप, फूल कंदिलासारखं, आणि त्या कंदिलात बारीक माश्या काही काळ अडकवून परागीभवन करून घ्यायची युक्ती. शेकडो वर्षं लोक त्याच्या शेजारून गड चढत होते. पुढे २०१७ मध्ये अंजनेरी राखीव संवर्धन क्षेत्र म्हणून जाहीर झालं. नाव असल्याशिवाय बाजू मांडता येत नाही. फुलाला निदान फोटोजेनिक असण्याचा फायदा असतो. दोन मिलिमीटरच्या तपकिरी ठिपक्यासाठी कोण भांडणार?

मामाकडे सध्या जे चाललंय ते असं आहे. शेताच्या वरच्या पट्ट्यासाठी एक दलाल येतोय. 'निसर्गाच्या कुशीत' सेकंड होमचे प्लॉट. पैसे बरे देतोय. धाकट्या मामेबहिणीची इंजिनीअरिंगची फी आहे, मागच्या वर्षीच्या टोमॅटोचं कर्ज आहे. मी पुण्यात एसीत बसून "जमीन विकू नका" म्हणणं बरं दिसत नाही, आणि मी म्हणतही नाही. पण जमीन आजोबांची, त्यामुळे आईची सही लागते. मामांनी हक्कसोड पत्र तयार करून ठेवलंय.

मागच्या महिन्यात मामांना मी बरणी दाखवली. त्यांनी भिंग डोळ्याला लावून बराच वेळ बघितलं.

"ह्याला शिंगं कशाला रं एवढ्याशाला?"

"भांडायला. दुसऱ्या नराशी."

"कशावरून?"

"बुरशीवरून. जागेवरून."

मामा हसले. म्हणाले, "म्हणजे ह्यांच्यात पण हक्कसोड लागत असंल."

मग त्यांनीच विचारलं, की हे इथेच आहेत की सगळीकडे? मी सांगितलं की माहीत नाही, कोणी बघितलेलं नाही. उडणारे असतील तर दूरवर असतील. राईतल्या पाचोळ्याखाली जे असतील त्यांचं सांगता येत नाही. "मग बघा की," मामा म्हणाले, "आम्ही काय अडवलंय?" गावाला विचारून या गणपतीनंतर पाचोळा तपासायचं ठरवलंय, बंगळुरूला कीटकांवर काम करणाऱ्या एका ओळखीच्या पोराने यायचं कबूल केलंय. पद्धत सोपी आहे, पाचोळा चाळायचा, फनेलमध्ये घालून वर दिवा लावायचा. ऊब लागली की आतले जीव खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. काम झालं की पाचोळा परत जागेवर.

आईने अजून सही केलेली नाही. ती म्हणाली, आंबा पडलाय तो कडेचा पट्टा आणि राईला लागून वीस फूट सोडत असतील तर करते. मामांची हरकत नाही. दलाल म्हणतो वीस फूट सोडले तर आतला रस्ता बसत नाही, दोन प्लॉट जातात. आणि ते कुजकं खोड आधी उचला, बघायला येणाऱ्या पार्टीला बरं दिसत नाही. पुढची बैठक दिवाळीनंतर आहे. तोपर्यंत खोड तिथेच आहे, आणि कोणाला एखाद्या रविवारी बघायला यायचं असेल तर कळवा. टॉर्च, भिंग आणि जुने बूट आणा. चहा मामी देतील.